घराला नाक पाहिजे

भोकबुवांनी आयुष्यात दहा-बारा हजार बिड्या पेटवल्या असतील, पण एकीचाही झुरका मारला नाही. कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी खिशातून बिडी निघायची. ती पेटवून डोक्याच्या वर धरायची आणि घराच्या मधोमध उभं राहून धूर कुठे जातो ते बघायचं. ओढल्याशिवाय बिडी पेटत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण बुवांची पेटायची. मूठ वळून, फुंकर घालून ते ती पेटवत. आंधळगावच्या बाजारात हे चार माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातले तीन वारले आणि चौथ्याला आता दिसत नाही, म्हणून माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

धूर आढ्याखाली जाऊन तिथल्या तिथे गरगरत राहिला की बुवांचा चेहरा पडे. घरमालक पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभा असे. बुवा हात वर करून म्हणत, "थांब गा. घर काय म्हणून राहिलं ते आयकू दे." घर जे काही म्हणत असेल ते ऐकून झालं की निकाल ठरलेला. "याले नाक नाही. कसं जगून राहिलं बिचारं!"

धंदा म्हणाल तर कवेलू फेरण्याचा. पावसाळ्याच्या तोंडावर छपरावरची सगळी कवेलू उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची आणि परत रचायची. बाकीचे लोक हे काम दोन दिवसांत उरकत. बुवांना तीन दिवस लागत, कारण तिसरा दिवस भोकाचा. आढ्याजवळचं एक कवेलू बोटभर कामटी लावून ते उचलून ठेवत आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर मडक्याचं खापर पालथं घालत. मग सावलीच्या अंगाला भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरं भोक पाडत. कोणी विचारलं नसलं तरी सांगत, "माणसाले दोन नाकपुड्या, घराले दोन भोकं. खालून थंडी हवा घेते, वरून गरम टाकते. घराले नाक पायजे." त्यांचं खरं नाव घरच्या लोकांनाही आठवून सांगावं लागे. गाव त्यांना भोकबुवाच म्हणे.

आता आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना या भोकांची किंमत कळणार नाही. नवतपा लागला की आमच्या कोंबड्या उकडलेली अंडी घालत. माझ्या चुलत्याने एकदा पोळी भिंतीवर थापून भाजून काढली होती, आणि वरची बाजू करपली म्हणून चुलतीला बोललाही होता. अशा उन्हात सारं गाव कडुनिंबाखाली पडलेलं असताना भोकबुवांच्या घरात भर दुपारी मी गोधडी मागितलेली आहे. बरं, गोधडी नसेल, पंचा असेल. पण मागितला होता.

तुमसरला एका राईस मिलच्या शेठने नागपुरावरून कुलर आणला, तेव्हा तालुक्यातून लोक तो बघायला गेले. शेठने विकत घेतलेली थंडी वाया जाऊ नये म्हणून खोलीची सगळी दारं-खिडक्या बंद करून, फटींना कागद चिकटवले. चार दिवसांत खोलीतले पापड लोळागोळा झाले, आगपेटीतल्या काड्या पेटायच्या आधीच विझू लागल्या, आणि शेठच्या मिशीला शेवाळ धरलं असं मिलमधले हमाल शपथेवर सांगत. अखेर बुवांना बोलावणं गेलं. मी सोबत होतो. बुवांनी बिडी पेटवायला घेतली, ती पेटेचना. तिथेच त्यांचं निदान झालं.

"शेठ, तुमी हवेले घरात घेतलं, पाट देल्ला, बसवलं. आन जायले दारच नाही ठेवलं! पावना आला त जाते बी का नाही? हे कुलर नोहे, वावरातली पाण्याची बोडी आहे. आता मासे सोडा यात."

त्यांनी मागची खिडकी चार बोटं उघडली. शेठ ओरडला, "अरे बुवा, ठंडी भागेल!" बुवा म्हणाले, "भागू द्या. भागली तरच नवी येईन." अर्ध्या घटकेत शेठने नोकराकडे शाल मागितली. ही शाल मात्र शालच होती.

गावाला नाकं लावत फिरणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या घरी काही चालत नसे. काकू, म्हणजे त्यांची बायको, अंगानं काडी आणि आवाजानं ढोल. चुलीच्या वर छपराला बुवांनी गावातलं सर्वांत मोठं भोक पाडलं होतं. धूर नीट जाई, पण एकदा त्यातून मांजर पडलं ते थेट वरणात. काकूंचा आवाज मोहाडीपर्यंत गेला. "जगाच्या घराले नाक, आन माह्या वरणात मांजर!" त्या दिवसापासून काकू त्या भोकात लुगड्याचा बोळा कोंबत आणि बुवा तो काढत. वीस वर्षं हे चाललं. त्या भोकात गेलेल्या लुगड्यांची दिंडी काढली असती तर ती भंडाऱ्याला पोचली असती.

काकूंना वाऱ्याची भीती होती आणि ती काही मांजरामुळे नव्हती. त्यांची पहिली दोन लेकरं डब्ब्याने गेली. थंडीत छाती भरायची, बरगड्या उडायच्या आणि तीन दिवसांत खेळ खलास. त्या आजाराला आमच्याकडे डब्बा म्हणतात. तिसरी गिरजा जगली. काकू तिला आश्विनापासून शिमग्यापर्यंत तीन कपड्यांत गुंडाळून ठेवत. गाव म्हणे, गिरजा म्हणजे चालतं गाठोडं. बुवा हसत, पण हसताना काकूंकडे बघत नसत. त्या एका गोष्टीवर त्यांनी काकूंची कधी थट्टा केली नाही.

गिरजाला लाखनीला दिलं आणि वर्षभराने ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे हे सगळं मी पाहिलं. पौष होता. मुलगी झाली, सुखरूप झाली. बाळंतिणीची खोली आमच्याकडे जशी असते तशी केली. खिडकीला पोतं, दाराला घोंगडं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. बाळंतिणीला हवा लागू द्यायची नाही, हा नियम. गल्लीतल्या बायांनी सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. वरचं नाक तेवढं राहिलं, कारण बुवा शिडी धरून अंगणात बसले होते. "बाकी सगळं तुमचं. थे भोक माहं."

पाच दिवस ते उघडं राहिलं. सहाव्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. पौषातला पाऊस, हाडात शिरणारा. बाळ दोनदा शिंकलं. काकू अंगणात आल्या. ढोलाचा आवाज कुठे गेला कोण जाणे, हळू बोलल्या.

"गिरजाचा बा, माहे दोन गेले. हे जाऊ देऊ नोका."

बुवा उठले. खोलीत गेले. धुरीचा धूर होता, तो त्यांनी बंद करायला लावला. म्हणाले, "धूर नसन त बुजवतो." काकूंनी शेगडी बाहेर नेली, कोळसे चांगले फुलवले, लालबुंद होऊन धुराची रेघही उरली नाही तेव्हा परत आणून बाजेखाली ठेवली. बुवांनी बिडी पेटवली. खोलीत बिडीचा सोडून दुसरा धूर नव्हता. त्यांनी हवेचा वास घेतला. कशाचाच वास नव्हता. मग ते पावसात छपरावर चढले, कामटी काढली आणि कवेलू खाली बसवलं. मी शिडी धरली होती.

दुपारी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. सुईणीने बाळाला तेल लावायला अंगणात आणलं. काकूही तिथेच बसल्या. गिरजा आतून म्हणाली, "माय, डोकं जड होऊन राहिलं. निजतो जरा." काकू म्हणाल्या, "नीज बापा. लेकरू आमच्यापाशी आहे." आणि त्यांनी दाराचं घोंगडं नीट ओढून घेतलं. बाळ खूप हसलं त्या दिवशी, असं सुईण नंतर सांगे. सहा दिवसांचं बाळ हसत नाही, पण सुईणीला मी कधी टोकलं नाही.

दीड-दोन तासांनी बाळ भुकेनं रडू लागलं म्हणून काकू आत गेल्या. गिरजा उजव्या कुशीवर होती. गाल लाल होते, झोपलेल्या लेकरासारखे. काकू तिला हाका मारत राहिल्या. मग बुवा आत गेले. मग मी गेलो. शेगडी अजून गरम होती.

त्या संध्याकाळबद्दल मला फारसं आठवत नाही. लोक आले, गेले. कोणीतरी आमच्या घरून पाणी नेलं. बुवा ओसरीवर बसले होते आणि कोणी हात धरला तर धरू देत होते, सोडला तर तो हात तिथेच पडून राही.

गावाने दोन दिवसांत निकाल लावला. बाहेरची हवा लागली. कुठून लागली? छपरातून. हा माणूस जन्मभर लोकांच्या घरात हवा सोडत फिरला, तीच त्याच्या पोरीला घेऊन गेली. पाच दिवस भोक उघडं होतं ना! पाचाचं पाप सहाव्याला फळलं. बुवांच्या तोंडावर हे बोललं गेलं, व्याहीही बोलले. बुवांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो. माहीच चूक." एवढंच. काकू बाजूला बसल्या होत्या. त्या वर्षी बुवांना कवेलू फेरायला कोणी बोलावलं नाही, आणि गावातली बरीच नाकं बुजली.

बाळाला लाखनीला न्यायला विहीणबाई आल्या. बुवांनी नात सडकेपर्यंत कडेवर नेली. बस आली. त्यांनी नात दिली, कंडक्टरने घंटी मारली, बस गेली. काकूंनी विचारलं, "रडली का?" बुवा म्हणाले, "नाही." मी होतो तिथे. ती मोहाडीच्या फाट्यापर्यंत रडताना ऐकू येत होती.

त्यानंतर भोकबुवांना थंडी वाजू लागली. ही गोष्ट मी वाढवून सांगतो असं वाटेल, पण हिच्यात मी वाढवायला काही ठेवलेलं नाही. गावात कुठेही बाई बाळंत झाली की दुसऱ्या दिवशी बुवा त्या दारात हजर. अंगावर घोंगडी, दात कडकड वाजतायत. "शेगडी द्या वो माय. लय हिव भरलं." आमच्याकडे विस्तव मागायला आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. आणि पोर गेलेल्या माणसाला बाळंतिणीच्या दारात फार वेळ उभंही ठेवत नाहीत. बाया पटकन शेगडीच उचलून देत. बुवा ती अंगणात घेऊन तिच्याशेजारी बसत, निखारे राख होईपर्यंत. नवी भरली की तासाभराने परत येत. "अजून जरा द्या वो."

पौषात हे ठीक होतं. पण बाया काही पौष बघून बाळंत होत नाहीत. वैशाखात, नवतपात, कावळे चोची उघड्या टाकून बसलेले असताना हा माणूस घोंगडी पांघरून शेगडीशी बसलेला असे. घामाने निथळत असे आणि दात वाजवत असे. पोरं ओरडत, "भोकबुवाले हिव भरलं!" मोठी माणसं कपाळाला बोट लावून फिरवत. काकू लाजेने विहिरीवर पहाटेच जाऊन येऊ लागल्या. मीही त्यांना वेडे समजत होतो. अगदी शांतपणे समजत होतो, जसं आपण शेजारचं झाड वाळलं असं समजतो.

सहा-सात वर्षं गेली. मी पंचायत समितीत लागलो. बिनधुराच्या चुलींची योजना आली. पाइप वर काढायचा, धूर बाहेर, बायांचे डोळे वाचतील, अशी. भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण होतं. चूल बांधायचं शिकवून झाल्यावर एक डॉक्टर आले आणि बोलता बोलता म्हणाले, धूर दिसतो म्हणून माणूस पळतो, दार उघडतो. बंद खोलीत लाल निखाऱ्यांमधून जो वायू निघतो त्याला ना धूर, ना वास. डोकं जड होतं, झोप येते. गाल लाल दिसतात.

मी वहीत ते लिहून घेतलं. पुढेही बरंच लिहून घेतलं, चुलीची मापं वगैरे. जेवलो. रात्रीच्या गाडीने परत आलो.

पंधरा दिवस मी बुवांच्या घरावरून जाऊनही आत गेलो नाही. सांगावं की सांगू नये? सांगितलं तर गावाचा आळ उतरत होता. उघड्या भोकाने पोर नेली नव्हती. पण मग कशाने नेली? बंद भोकाने. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, आणि मी शिडी धरली होती. बुवा आता गेले, काकू त्यांच्या दोन वर्षं आधी गेल्या. काकू होत्या तोवर मी हे कोणाजवळ बोललो नाही.

शेवटी चुलीच्या निमित्ताने गेलो. भर दुपार होती. काकू आत चुलीपाशी होत्या. बुवा ओसरीवर दोरी वळत होते. मी पाइप, मापं, योजना असं बरंच बोललो. बुवा ऐकत होते. मग मी आवाज खाली केला. "बुवा, भंडाऱ्याले एक डॉक्टर सांगत होते. निखाऱ्याची एक हवा असते—"

"तिले धूर नसते," बुवा म्हणाले. दोरी वळणं थांबलं नाही.

मी विचारलं, "तुमाले कोनं सांगितलं?"

"कोनं नाही. तिसऱ्या दिवशी मी जाऊन बसलो त्या खोलीत. तसंच सगळं बुजवलं. तशीच शेगडी. बिडी लावली, दुसरा धूर नाही. बसून राहिलो. डोकं जड झालं. मंग पाय उठेनात. घोंगड्याखालून सरपटत आलो भाईर." त्यांनी दोरीचा पीळ तपासला. "बिडीनं सारी उमर मले फसवलं बाबू. मी धूर पाहत होतो."

"म्हणजे तुमी शेगड्या मागत फिरता ते..."

"दुसरं काय करू? सांगत फिरलो असतो त आयकलं असतं कोनं? पोरगी मारली तोच शहाणपण शिकवून राहिला म्हणले असते."

"मले तरी सांगायचं होतं. सरपंचाले सांगितलं असतं. गावानं एवढं थुंकून घेतलं तुमच्यावर. लोकाले सांगा ना आता! मी सांगतो. डॉक्टरचं नाव घेऊन सांगतो."

बुवांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आतून फुंकणीचा आवाज येत होता. त्यांनी मानेने तिकडे दाखवलं.

"शेगडी कोनं भरली होती, बाबू?"

मी आत पाहिलं.

"तिनंच फुलवली. चांगली लाल करून आणली, लेकीले ऊब भेटावं म्हणून. तिले वाटते माह्या भोकानं गेली. वाटू दे. माह्यावर राग धरून जगून राहिली ते. हे जर तिले कळलं, त मंग कोनावर धरन?"

फुंकणी थांबली. काकू चहा घेऊन बाहेर आल्या. डोळे धुराने लाल होते. माझ्यापुढे कप ठेवला आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या.

"काय बोलून राहिले दोघं, एवढं हळू?"

"चुलीचं," बुवा म्हणाले.

"मले नोको तुमची नळीवाली चूल. पुन्हा छपराले भोक पाडान." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेला आहेस बाबू. तूच समजाव यायले. नाल्याच्या मोडक्या पुलापल्याड कोनाची तरी सून बाळंत झाली, त हे सकाळपासून घोंगडी शोधून राहिले. येवढ्या उन्हाचं! डॉक्टरले दाखवा म्हनलं त येत नाही. लोक पागल म्हणतात. खरं सांग, आहे का पागल?"

बुवा दोरी वळत होते. मी चहा बशीत ओतला.

"नाही काकू," मी म्हणालो. "मी विचारलं भंडाऱ्याच्या डॉक्टरले. असतो असा एक आजार. माणसाले खरंच थंडी वाजते."

काकूंनी बुवांकडे पाहिलं. मग उठल्या, आत गेल्या आणि पेटीच्या तळाशी दडवलेली घोंगडी काढून त्यांच्या मांडीवर आणून ठेवली.